मु. पो. लोंगेवाला

२६ जानेवारीला सकाळी सोसायटीचं झेंडावंदन उरकतं, जिलबीचे पुडे घरोघर पोचतात आणि थोड्याच वेळात पहिल्या मजल्यावरच्या एका उघड्या दारातून रणगाड्यांचा खडखडाट जिन्यात ऐकू येऊ लागतो. नवा भाडेकरू असेल तर दचकतो. जुने रहिवासी शांतपणे म्हणतात, "बॉर्डरकाकांकडे सुरू झालं वाटतं."

बॉर्डरकाका प्रत्येक सोसायटीत असतात. क्वचित एकाच विंगमध्ये दोन निघतात, मग त्यांचं आपसात पटत नाही. पहिल्या मजल्यावरच्या काकांची सगळी हयात पाटबंधारे खात्यात गेलेली. लष्करी पात्रता म्हणाल तर कॉलेजातली दोन वर्षं एनसीसी आणि खडकीच्या दारूगोळा कारखान्यात असलेला एक मेव्हणा, तोही हिशेब विभागात. पण १९९७च्या जूनमध्ये जे. पी. दत्तांचा लोंगेवाल्याच्या लढाईवरचा 'बॉर्डर' सिनेमा लागला आणि काकांची बदली कायमची राजस्थानात झाली. तेव्हापासून ते बोलतात ते 'आपण'च्या भाषेत. "आपण तिथे एकच कंपनी ठेवली होती," असं ते सांगतात, तेव्हा ती ठेवायचा निर्णय पाटबंधारे खात्याच्या फायलीतून सही होऊन गेला होता, असंच ऐकणाऱ्याला वाटतं.

काकांना सगळं पाठ आहे. ४ डिसेंबर १९७१ची चांदणी रात्र. तेविसाव्या पंजाबची अल्फा कंपनी, जेमतेम सव्वाशे माणसं, मेजर कुलदीपसिंग चांदपुरी. समोरून पाकिस्तानची अख्खी ब्रिगेड आणि चाळीसच्या वर रणगाडे. माघार घ्यायची मुभा असताना चांदपुरींनी ठाणं सोडलं नाही, पुढे महावीर चक्र मिळालं. हे सगळं ते श्रेयनामावली चालू असतानाच सांगून टाकतात, त्यामुळे पुढे काय होणार याची कुणाला चिंता उरत नाही.

एकदा सिनेमा सुरू झाला की काका चुका काढू लागतात. सनी देओल वाळवंटात गर्जना करतो. काका म्हणतात, "एवढ्या आवाजात बोलायचं तर वायरलेस कशाला दिलाय?" अक्षय खन्नाच्या केसांना लष्करी न्हाव्याचा हात लागलेला दिसत नाही. सनी खांद्यावर तोफ घेऊन रणगाड्यांवर चालून जातो, तेव्हा काका डोळे मिटून घेतात, नियमाविरुद्ध चाललेलं काम बघवत नाही म्हणून.

मात्र या चुकांवर मक्ता काकांचा. दुसऱ्या कुणी एक चूक काढली की काका तत्काळ पक्ष बदलतात. पुतण्या मोबाइलमधून मान वर काढून म्हणाला, "काका, हा सनी फार ओरडतो हो," की काका उसळतात. "समोर चाळीस रणगाडे आहेत! तुझ्यासारखा 'हाय गाईज' म्हणेल का तो?" पुतण्या पुन्हा मोबाइलमध्ये माघार घेतो. त्याला कुणी महावीर चक्र देत नाही.

खरी लढाई जुंपते ती दुसऱ्या मजल्यावरचे वायुदलातून निवृत्त झालेले शेजारी येऊन बसले की. हे गृहस्थ पहिले दोन तास नुसते चहा पितात. जॅकी श्रॉफ विमानात चढला की कप खाली ठेवतात.

"रणगाडे फोडले कुणी? जैसलमेरच्या हंटर विमानांनी. वाळवंटात लपायला झाड नाही, झुडूप नाही. वरून रॉकेटं आणि तोफा. सकाळ झाली आणि खेळ संपला."

"आणि सकाळपर्यंत ठाणं कुणी धरलं?"

"रात्रभर रणगाडे आत का घुसले नाहीत, ते सांगा."

हा प्रश्न काकांच्या आवडीचा. आपल्या जवानांनी घाईघाईत काटेरी तार ओढली होती. ती बघून पुढे सुरुंग पेरलेत, असा पाकिस्तानी तुकडीचा समज झाला आणि हल्ला खोळंबला. शिवाय वाळूत रुतणारी वाहनं, आणि जीपवर बसवलेली आपली रणगाडाविरोधी तोफ. काका हे सांगताना जिलबीच्या ताटलीचं ठाणं करतात आणि चिवड्यातले शेंगदाणे रणगाडे म्हणून पुढे सरकवतात. वायुदल ते शेंगदाणे एकेक उचलून खातं.

मग शेजारी हुकमाचं पान टाकतात. "दत्तांचा भाऊ वायुदलात वैमानिक होता, माहीत आहे ना?"

"म्हणूनच!" काका म्हणतात. "म्हणूनच विमानं एवढ्या थाटात आली!"

लोंगेवाल्याचं श्रेय पायदळाचं की वायुदलाचं, यावर निवृत्त अधिकाऱ्यांनीही जाहीर वाद घातले आहेत. तेव्हा तो पहिल्या मजल्यावर जेवणाआधी मिटेल ही अपेक्षाच चूक.

काकूंचा 'बॉर्डर' वेगळा आहे. त्यात रणगाडे नाहीतच. पत्रांचं ते गाणं दहा मिनिटांच्या वर चालतं, तेवढ्यात कुकरच्या शिट्ट्या होऊन वरण घोटूनही होतं. त्यांच्या मते या सिनेमातला एकमेव शहाणा माणूस म्हणजे मथुरादास. बायको आजारी म्हणून रजा मिळते, तर आनंदाने निघतो. त्या रजेवरून मेजर त्याला सगळ्यांसमोर बोलतो, तो प्रसंग आला की काकू स्वयंपाकघरातून ओरडतात, "रजा मंजूर केलीये ना? मग बोलायचं काय काम!" या वाक्यात मेजर चांदपुरींपेक्षा पाटबंधारे खात्यातल्या जुन्या रजांचा संदर्भ जास्त असतो, म्हणून काका टीव्हीचा आवाज वाढवतात.

आणि भैरोसिंग. सुनील शेट्टीचा भैरोसिंग रणगाड्याशी झुंजताना पडतो. खरे भैरोसिंग राठोड सीमा सुरक्षा दलाचे जवान. ते त्या रात्रीतून सुखरूप परतले, सेना पदक मिळवलं आणि थेट २०२२च्या डिसेंबरात वारले. काकांनी हे सगळ्यांना कितीतरी वेळा सांगितलं आहे. तरीही तो प्रसंग येतो आणि काका चष्मा काढून पुसायला घेतात. पुतण्या म्हणतो, "अहो, पण ते जगले ना?"

"ते जगले. हा मेला ना!"

एरवी तपशिलाच्या कानामात्रेवरून भांडणारा हा माणूस इथे सगळे संदर्भग्रंथ मिटून ठेवतो. खऱ्या लोंगेवाल्यात आपले दोन जवान गेले. पडद्यावर मात्र मथुरादास, रतनसिंग, धर्मवीर अशी रांगच लागते. काकूंना हे कळलं तेव्हा त्या चकित झाल्या. "खरे दोनच गेले, मग यांनी एवढे कशाला मारले?"

"तीन तासांचा सिनेमा आहे," काका म्हणाले. "दोघांत कसा भागेल?"

शेवटी युद्धाला कंटाळलेलं, शत्रूलाही भाऊ म्हणणारं गाणं लागतं. त्यासाठी हरिहरनना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण बॉर्डरकाकांच्या घरी ते कुणीही पूर्ण ऐकलेलं नाही, कारण त्याच वेळी काटेरी तारेवरून पायदळ आणि वायुदल पुन्हा एकमेकांवर तुटून पडलेले असतात. काकू येऊन "पानं वाढलीत" असं सांगतात. हा युद्धविराम मात्र दोन्ही बाजूंना तत्काळ मान्य होतो.

जेवून शेजारी निघतात. "१५ ऑगस्टला येतोच," दारातून म्हणतात.

"या की," काका म्हणतात, "पण उजाडायची वाट बघत बसू नका!"