व्हॉइड सर

सरांबद्दल कुणाचं काय मत आहे हे ऐकण्याआधी त्याला टर्मला किती पडलेत ते विचारून घ्यावं लागे. साठपैकी बारा पडलेला म्हणे, "सायको आहे." बावीसवाला म्हणे, "शिकवतो चांगलं, पण पेपर तपासताना त्याच्या अंगात येतं." तीसच्या पुढचा एखादाच असायचा. तो इकडेतिकडे बघून हळूच "तसे फेअर आहेत" म्हणायचा, कारण कट्ट्यावर हे मत उघडपणे बाळगणं तब्येतीला बरं नव्हतं.

टी.वाय. बी.कॉम.ला बिझनेस रेग्युलेटरी फ्रेमवर्क नावाचा विषय होता, कंसात मर्कंटाइल लॉ. पुणे विद्यापीठाने एवढं लांबलचक नाव का ठेवलं, ते विद्यापीठालाच ठाऊक. आम्ही बी.आर.एफ. म्हणायचो आणि हॉस्टेलच्या मुलांनी त्याचा अर्थही लावला होता: बॅक राहणार फिक्स.

तास सकाळी सात वीसचा. सात एकवीसला दाराला आतून कडी. बाहेरून कुणी काकुळतीने "मे आय कम इन सर" म्हटलं, की आतून आवाज यायचा, "ऑफर लॅप्स झाली. सेक्शन सहा." वर्गात उत्तर चुकलं की "व्हॉइड." उत्तर बरोबर, पण सेक्शनचा नंबर चुकला, तरी "व्हॉइड." एकदा एकीने उत्तरही बरोबर दिलं आणि नंबरही बरोबर सांगितला, तर "हं" म्हणाले. त्या "हं"ची चर्चा आठवडाभर कँटीनमध्ये चालली होती. नाव पडलं ते असं, व्हॉइड सर.

गाइड आणायला बंदी. अप्पा बळवंत चौकात जाऊन बेअर ॲक्ट घ्यायचा, म्हणजे नुसता कायदा. टीप नाही, स्पष्टीकरण नाही, 'महत्त्वाचे प्रश्न' नाहीत. टर्मच्या पेपरला तो खुशाल उघडून बसायची परवानगी होती. "पुस्तक ठेवा उघडं, काही उपयोग नाही," असं ते फार प्रेमाने सांगायचे. आणि खरंच नसायचा.

पण बेअर ॲक्टने आमची एका माणसाशी ओळख करून दिली, त्याबद्दल मी सरांची ऋणी आहे. त्याचं नाव 'ए'. इंडियन कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट १ सप्टेंबर १८७२ ला लागू झाला, तेव्हापासून हा बिचारा त्यातल्या उदाहरणांमध्ये राबतोय. हजाराचा घोडा तो दहा रुपयांना विकायला तयार होतो. लिलावात खोड असलेला घोडा विकतो आणि त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. जादूने गुप्तधन शोधून देण्याचा करार करतो. दोन सरळ रेषांनी जागा बंदिस्त झाली तर 'बी'ला हजार रुपये देईन म्हणतो. हे कुठल्या अवस्थेत म्हणतो ते कायदा सांगत नाही. 'बी'ने आपल्या मुलीशी लग्न केलं तर हजार देण्याचं कबूल करतो, तर मुलगी आधीच वारलेली असते. शेवटी स्वतःचं लग्न ठरवतो आणि लग्नाच्या आधीच वेडा होतो. सेक्शन छप्पन्न. आमच्या वर्गाचं एकमत होतं, की एवढं सगळं झाल्यावर कुणीही झाला असता. सरांना मात्र त्या 'ए'बद्दल कधी दया आली नाही. "त्याने लेखी घ्यायला हवं होतं," एवढंच.

इंदापूरकडचा एक मुलगा होता, त्याचं मत मार्कांवर अवलंबून नव्हतं. त्याचं म्हणणं, सरांना धंद्यातलं काही कळत नाही. त्याचे चुलते बैलबाजारात व्यवहार करायचे. एक दिवस तो उभाच राहिला, "सर, आमच्याकडं रुमालाखाली बोटं धरून सौदा होतो. कोण काही बोलत नाही. त्यात ऑफर कुठली आणि ॲक्सेप्टन्स कुठला?"

वर्ग "व्हॉइड"ची वाट बघत बसला. सरांनी खडू ठेवला, खिशातला घडीचा रुमाल काढला आणि त्याला पुढे बोलावलं. "विक मला बैल."

दोघांचे हात रुमालाखाली गेले. सर गंभीर, पोरगा त्याहून गंभीर. रुमाल थोडा हलला, थांबला, परत हलला. पोराने मान हलवून नाही म्हटलं. सरांनी कपाळाला आठी घातली, पुन्हा काहीतरी केलं. पोरगा हसला, हात सोडला आणि म्हणाला, "झाला."

"सेक्शन नऊ," सर वर्गाकडे वळले. "शब्दांत नसलेलं वचनही वचनच. याला इम्प्लाइड म्हणतात. किती झाले?"

"चार हजार," पोरगा म्हणाला.

"मी चारशे म्हटले."

"चारशेला बैलाची वेसण पण येत नाही, सर."

"मग दोघांच्या डोक्यात एकच गोष्ट एकाच अर्थाने नव्हती. सेक्शन तेरा. संमतीच नाही. करार नाही." सरांनी रुमालाची पुन्हा नीट घडी घातली. पोरगा जागेवर जाता जाता पुटपुटला, "बाजारात असं बोलले असते तर बैलानंच निकाल दिला असता." मला वाटतं ते सरांनी ऐकलं, कारण त्या दिवशी ते पहिल्यांदाच तास संपायच्या आधी दोन मिनिटं गेले.

त्या वर्षी मागच्या बाकांवरच्या मुलांनी नोटीस बोर्डवर एक कागद लावला. 'बी.आर.एफ.च्या टर्म पेपरात साठपैकी पंचेचाळीस किंवा जास्त मार्क मिळवणाऱ्यास रोख रु. ५०१ बक्षीस.' सरांनी पंचेचाळीस दिल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं, त्यामुळे मुलं निश्चिंत होती. सरांनी तो कागद चष्मा वर करून दोनदा वाचला आणि तासाला आले ते खुशीत.

"पाचशे एक मुद्दाम का?"

"नाही सर, गणपतीची वर्गणी उरली होती."

"आणि पैसे ठेवलेत कुठे?"

मग कार्लिल बाई आल्या. सरांची अत्यंत आवडती केस, कोर्ट ऑफ अपीलचा निकाल १८९२ सालचा. लंडनची एक कंपनी जाहिरात करते, की आमचा कार्बोलिक स्मोक बॉल दिवसातून तीनदा, दोन आठवडे वापरूनही इन्फ्लुएन्झा झाला तर शंभर पौंड देऊ. कार्लिल बाई तो इमानेइतबारे हुंगत राहिल्या आणि त्यांना इन्फ्लुएन्झा झाला. कंपनी म्हणाली, अहो, जाहिरातीतलं कुणी मनावर घेतं का! पण त्याच जाहिरातीत छापलं होतं, की आमचा प्रामाणिकपणा दिसावा म्हणून अलायन्स बँकेत हजार पौंड ठेवले आहेत. कोर्ट म्हणालं, ठेवलेत ना? मग द्या. "तेव्हा तुमचे पाचशे एक कुठे आहेत?" सरांनी पुन्हा विचारलं. मागच्या बाकांनी चडफडत पैसे कँटीनच्या अण्णांकडे ठेवले आणि नोटिशीखाली तशी ओळ वाढवली.

आणि आमच्या टॉपरला शेहेचाळीस पडले.

ती माझी मैत्रीण. नोटीस लागली तेव्हा ती टायफॉइडने घरी होती, आणि परीक्षेला आली ती रिक्षातून थेट हॉलमध्ये. निकालानंतर तिने पैसे मागितले, तर मुलं एकसुरात म्हणाली, "लालमन शुक्ला!" वर्षभरात मागच्या बाकांनी एकच केस नीट वाचली, ती ही. अलाहाबाद हायकोर्ट, १९१३. गौरी दत्तांचा पुतण्या हरवला. त्यांनी मुनीम लालमनला शोधायला हरिद्वारकडे पाठवलं. तो गेल्यावर पत्रकं काढली, शोधून देणाऱ्याला बक्षीस रुपये पाचशे एक. लालमनने मुलगा शोधला, मागाहून पत्रकाचं कळलं, मग पैसे मागितले. नाही मिळाले, कारण ज्या ऑफरची खबरच नाही ती स्वीकारणार कशी? आकडासुद्धा तोच निघाला. सर उगाच खूश नव्हते झाले.

प्रकरण सरांपुढे गेलं. ज्यांनी पेपर तपासला तेच न्यायाधीश, हा मुद्दा कुणालाच सुचला नाही. मी साक्ष दिली, की मी फोन करून तिला नोटीस शब्द न् शब्द वाचून दाखवली होती. सर माझ्याकडे वळले.

"ताप किती होता तिला?"

"एकशे तीन."

"सेक्शन बारा, इलस्ट्रेशन बी." त्यांनी बेअर ॲक्ट न उघडताच सांगितलं. "एरवी शहाणा, पण तापात भ्रम झालेला माणूस. भ्रम असेपर्यंत करार करू शकत नाही."

"सर, मी भ्रमात नव्हते," टॉपर उभी राहून म्हणाली.

"भ्रमातला माणूस हेच म्हणतो. क्लेम नामंजूर."

मागचे बाक उठून नाचायचेच बाकी राहिले. ज्या पोरांनी वर्षभर सरांना सायको म्हटलं, ती त्या दिवशी संध्याकाळपर्यंत "माणूस कडक आहे, पण न्यायी आहे" असं सांगत फिरत होती. आणि वर्गात सरांची बाजू घेणारी एकुलती एक मुलगी माझ्या शेजारी बसून म्हणत होती, "मूर्ख आहे तो माणूस. परीक्षेच्या दिवशी मला ताप नव्हता. ॲक्सेप्टन्स परीक्षेच्या दिवशी झाला, सेक्शन आठ!" पाचशे एक रुपये परत घ्यायला मुलं कँटीनमध्ये गेली, तेव्हा अण्णांनी ते त्यांच्या चहा-क्रीमरोलच्या उधारीत वळते करून घेतलेले होते आणि वर एकोणीस रुपये बाकी दाखवली. अण्णांनी कुठलाही ॲक्ट वाचला नव्हता.

पुढे नॅकची कमिटी येणार म्हणून कॉलेजने जिन्यांना रंग दिला आणि आमची मतं मागवली. शिक्षकांविषयी फॉर्म: विषयाचं ज्ञान, वक्तशीरपणा, संवादकौशल्य, पाचपैकी गुण द्या, खाली 'इतर सूचना'. फॉर्म गोपनीय होते, म्हणजे स्टाफरूममध्ये चहाबरोबर वाचले जात. तसेच ते सरांच्याही हाती लागले असणार, कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात त्यांचा पेपर तपासल्यासारखा निकाल लावला. 'सर खूप स्ट्रिक्ट आहेत' यावर शेरा: विधान आहे की तक्रार, स्पष्ट नाही, पाचपैकी एक. 'सर मार्क देत नाहीत' याला: मार्क देणं हे सरांचं कर्तव्य आहे असं गृहीत धरलंय, सेक्शन दाखवा, शून्य. 'सर देवमाणूस आहेत' यावर ते बराच वेळ थांबले. "हे अनड्यू इन्फ्लुअन्सखाली लिहिलंय. सेक्शन सोळा. टर्म तोंडावर आहे." एका फॉर्मवर नुसतं 'व्हॉइड' लिहिलेलं होतं. त्याला पाचपैकी साडेतीन मिळाले. कुणी लिहिलं ते आजवर कळलेलं नाही, पण इंदापूरवाला त्या दिवशी नको इतका शांत होता.

फायनलला आमच्या वर्गात बी.आर.एफ.ला बरीच मुलं सुटली. विद्यापीठाचा पेपर बघून काहींना तर आपण चुकून एफ.वाय.च्या हॉलमध्ये बसलो की काय, अशी शंका आली. त्यामुळे सरांबद्दलची मतं पुन्हा एकदा बदलली, पण तोवर कट्टा पांगला होता.

टॉपर आता एका बँकेत आहे आणि दिवसभर लोकांच्या परत आलेल्या चेकांवर सेक्शन १३८ च्या नोटिसा काढते. तिचं सरांबद्दलचं मत तसूभरही बदललेलं नाही. मात्र ते ती आता मुद्देसूद मांडते, पहिल्या मुद्द्यापासून सातव्यापर्यंत, प्रत्येकाला केसचा आधार देऊन. समोरच्याची जिरवून झाल्यावर "म्हणून सांगते, त्या माणसाला कायदा कळत नव्हता" हे शेवटचं वाक्य. ज्या माणसाला कायदा कळत नव्हता, त्याच्याकडून ही एवढं कुठून शिकली, हे मी तिला एकदा विचारून पाहिलं. "बेअर ॲक्टमधून," ती म्हणाली.

दर गणपतीत ती आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ५०१ रुपयांची मागणी टाकते, व्याजासकट. मुलं उत्तर देतात, "लिमिटेशन! तीन वर्षं कधीच उलटली." गेल्या वर्षी मागच्या बाकावरचा एकजण, आता मांजरीला टाइल्सचं दुकान आहे त्याचं, कंटाळून लिहून बसला, "देतो गं बाई एकदाचे." तिने तत्काळ स्क्रीनशॉट काढला. मुदत संपलेलं कर्जसुद्धा पुन्हा फेडायचं लेखी कबूल केलं की ते वचन पाळावं लागतं, सेक्शन पंचवीस, पोटकलम तीन. त्याने मेसेज डिलीट केला. तिने स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला. तो म्हणाला, सही कुठाय? ती म्हणाली, मेसेजवर तुझं नाव नाहीये का? मग दोन दिवस जुंपली. वर्गात ज्यांनी कधी तोंड उघडलं नव्हतं तीही माणसं त्यात उतरली. कुणीतरी सेक्शन दहा आणला, एकाने आय.टी. ॲक्ट २००० काढला.

इंदापूरवाल्याने शहाणपणा केला. त्याने कुठूनतरी सरांचा नंबर मिळवून त्यांनाच ग्रुपवर घेतलं आणि सगळं प्रकरण पुढ्यात ठेवलं. सरांनी ते वाचलं, निळ्या खुणा आल्या, उत्तर काही आलं नाही. टाइल्सवाला म्हणाला, "मौनं संमतिलक्षणम्, जुना निकाल कायम." टॉपरने लिहिलं, "फेल्टहाऊस विरुद्ध बिंडले, १८६२. मौन म्हणजे संमती नव्हे." रात्री साडेअकराला सरांचा मेसेज आला. टॉपरच्या मजकुरात 'बिंडली'चं 'बिंडले' झालं होतं, तेवढं त्यांनी दुरुस्त केलं आणि ग्रुप सोडला.