छपाई सरकलीये

मुलं परदेशी जातात आणि त्यांची जनावरं आईवडिलांकडे राहतात, हे आता घरोघरचं झालंय. कुणाकडे लॅब्रॅडॉर राहतो, कुणाकडे पर्शियन मांजर. ‘घरात जनावर आलं तर मी घर सोडीन’ म्हणणारे वडीलच वर्षभरात त्या जनावराचं जेवण झाल्याशिवाय पानावर बसत नाहीत. जेलरोडच्या आमच्या नानांच्या वाट्याला इग्वाना आला. हिरवागार, काटेरी पाठीचा, शेपटीसकट साडेचार फुटांचा सरडा. मुलगा जर्मनीला गेला तेव्हा त्याचं नाव रेक्स होतं. मग नानांनी कुठेतरी वाचलं, की या प्राण्याला टाळूवर तिसरा डोळा असतो. त्याने चित्र दिसत नाही, पण उजेड आणि वरून आलेली सावली कळते. नाशिककराला आणखी काय सांगायला हवं? रेक्सचा त्र्यंबक झाला.

नाना प्रेसमधून निवृत्त. नाशिकरोडला नुसतं ‘प्रेस’ म्हटलं की पुरतं. 1928 पासून इथे नोटा छापल्या जातात, आणि नानांनी उभा जन्म त्या तपासण्यात घालवला. ती सवय काही निवृत्त झाली नाही. मेथीची जुडी असो, लग्नपत्रिका असो की भाचीला सांगून आलेलं स्थळ, नाना आधी उजेडाकडे तोंड करून बघणार आणि मग मान हलवणार : “छपाई सरकलीये.” काकूंच्या उकडीच्या मोदकाची छपाई सरकते, महापालिकेच्या रस्त्याची तर कायमच सरकलेली. खिशात भिंग असतं. भिंगाला शिवलेली पिशवी असते. पिशवीला नाडी असते.

त्र्यंबकला कुणी ‘घोरपड’ म्हटलेलं त्यांना खपत नाही. “घोरपड पाळली तर आत जाल! वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे ती. हा परदेशी आहे, याचे कागद आहेत.” 2024 साली परदेशी प्राण्यांच्या नोंदणीचे नियम आले, तेव्हा ‘परिवेश’ पोर्टलवर नोंद करायला नाना पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याइतक्याच तत्परतेने बसले. ते कागद आता लॅमिनेशन करून देवघराशेजारी टांगलेत. कुणी मागितलेले नाहीत. मागावेत अशी नानांची फार इच्छा आहे.

दिवस पहाटे सुरू होतो. शेवग्याचा पाला, किसलेला लाल भोपळा, वर जास्वंदीचं फूल. हे फूल आधी गणपतीला की आधी त्र्यंबकला, यावर त्या घरात रोज मंद आवाजात वाद होतो. हिवाळ्यात निफाडचा पारा उतरल्याची बातमी आली की नाना पिंजऱ्याच्या दिव्यांचे वॉट वाढवतात. एकदा रात्री वीज गेली, तर काकूंच्या गुडघ्यांसाठी आणलेली गरम पाण्याची पिशवी त्र्यंबकच्या पोटाखाली सापडली. तो सारखा शिंकायचा तेव्हा नानांनी ओव्याची पुरचुंडी तयार ठेवली होती. पुढे कळलं, की इग्वाना अंगातलं जास्तीचं मीठ नाकावाटे शिंकून टाकतो. पुरचुंडी वाया जाऊ नये म्हणून नानांनी स्वतः हुंगली.

खरा कहर झाला तो 2023 च्या पावसाळ्यात. महाराष्ट्रभर डोळे आले होते. सोसायटीत वॉचमनपासून अध्यक्षांपर्यंत सगळे काळे गॉगल लावून. नेमका तेव्हाच त्र्यंबकचा डावा डोळा सुजला, पापणी मिटली, कडेला चिकट पाणी. आता शंकेची पाल चुकचुकायला साडेचार फुटांचा सरडा पुरेसा असतो. साथ नानांच्या बाल्कनीतून आली, असं तळमजल्यावर ठरून गेलं. नाना मात्र उलटे काळजीत : या लोकांचं त्याला लागलं तर? बाल्कनीचं दार बंद झालं. दुधाची पिशवी दोरीने वर येऊ लागली.

औषधं सुचवायला आपल्याकडे पदवी लागत नाही. कुणी गुलाबपाणी म्हणालं, कुणी मध, कुणी त्रिफळ्याचा काढा. नानांनी मेडिकल सायन्सवर विश्वास ठेवून थेट काकूंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या उरलेल्या थेंबांची बाटली काढली. सुदैवाने आधी जनावरांच्या डॉक्टरांना फोन करून विचारलं. डॉक्टर म्हणाले, “नाना, त्यात स्टेरॉइड असतं. बुबुळावर जखम असेल तर ती भरायची सोडून वाढेल. त्याला घेऊन या.”

गाई, म्हशी आणि कुत्र्यांच्या रांगेत नाना टॉवेलात गुंडाळलेला त्र्यंबक घेऊन बसले. दाभाडीहून आलेल्या एका शेतकऱ्याने टॉवेलातून बाहेर आलेली शेपटी पाहून आपली गाय पुढे सरकवून घेतली. आत डॉक्टरांनी सलाइनने डोळा धुतला, केशरी रंगाचा थेंब घातला, खोलीत अंधार केला आणि निळा उजेड मारला. बुबुळावर एक बारीक रेघ हिरवीगार चमकली. जास्वंदीची काडी लागून ओरखडा पडला होता, त्यात जंतू शिरले होते.

त्या हिरव्या रेघेने नानांचं भान हरपलं. नोटेवरचे आकडे आणि धागे अतिनील दिव्याखाली चमकतात, ते बघण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला अंधारात चमकणारी रेघ म्हणजे माहेर. तिथेच कुजबुजले : “डावीकडे, खाली, तिरकी. छपाई सरकलीये.”

मग सुरू झालं थेंबपर्व. मोबाइलला दिवसभराचे गजर. नाना पंच्यात त्र्यंबकला गुंडाळणार, काकू शेपटी धरणार. ती चाबकासारखी बसते, काकूंच्या मनगटावर वळ होते. नाना दोन बोटांनी पापणी अलगद खाली ओढणार, एक थेंब, मग दोघांचे हात साबणाने स्वच्छ, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो. शेवटी डायरी : ‘डोळा निम्मा उघडा. भूक ठीक. माझ्याकडे रागाने पाहिले.’

काकू एकदाच म्हणाल्या, “अहो, माझ्या ऑपरेशननंतर थेंबांच्या वेळेची आठवण मला करून द्यावी लागायची तुम्हाला.” नाना भिंग पुसत म्हणाले, “तुला बोलता येतं.” काकूंनी यावर काही उत्तर दिलं नाही, पण त्या रात्री आमटीत मीठ नव्हतं.

त्र्यंबक बरा झाला तशी नानांची ख्याती पसरली. परवा सिन्नरहून कुणा ओळखीच्याच्या ओळखीच्याचा फोन. घरात चांदण्या पाठीचं कासव आहे, डोळे सुजलेत, काय घालू? नानांचा आवाज चढला. “स्टार कासव? आणि घरात? अहो, गुन्हा आहे तो! आधी वनखात्याला फोन करा, ते डॉक्टर दाखवतील. कागद आहेत का? नाहीत ना? मग?” कायदा, कलमं, दंड, तुरुंग, सगळं ऐकवून झालं. पलीकडचा माणूस घाबरून फोन ठेवायला निघाला असावा, तोच नाना एकदम खाली बसले, खिशातलं भिंग उगाचच बाहेर काढलं आणि हळूच विचारलं :

“बरं, आधी कुठला सुजला म्हणालात? डावा का उजवा?”