घरगुती वाइन गाळण्याची प्रमाणित कार्यपद्धती (साडूंच्या तळघरापुरती)

प्रयोजन. वाइन निवळ दिसावी. ती चांगली लागावी, हे या कार्यपद्धतीचे प्रयोजन नाही. चवीचा बराचसा निकाल शरद ऋतूत कॅलिफोर्नियाच्या द्राक्षांची खोकी घरात आली तेव्हाच लागलेला असतो, आणि तो फिरवणारे यंत्र अद्याप बाजारात आलेले नाही.

व्याप्ती. न्यू जर्सीतील एका दुमजली घराचे तळघर, वॉशिंग मशीनपासून गणपतीच्या मखराच्या खोक्यापर्यंत. अमेरिकेच्या संघीय कायद्याने घरात दोन प्रौढ असले तर वर्षाला २०० गॅलन आणि एकच असला तर १०० गॅलन वाइन घरच्यासाठी करता येते. विकता येत नाही. २०० गॅलन म्हणजे जवळपास हजार बाटल्या. हा आकडा साडूंनी ताईंना, म्हणजे आपल्या पत्नीला, सांगू नये.

जबाबदाऱ्या. प्रक्रियाप्रमुख : थोरले साडू. सहायक : धाकटा साडू, म्हणजे प्रस्तुत लेखक. प्रमुखाने निर्णय घ्यावेत, सहायकाने नळी धरावी. ‘नळीचं टोक गाळापासून दोन बोटं वर’ ही सूचना प्रमुख दर पाच मिनिटांनी देतील. प्रत्येक वेळी ‘हो’ म्हणावे. ‘वरच आहे’ म्हणू नये. मग ते स्वतः वाकून बघतात आणि त्यांची पाठ धरते.

साडूंची सगळी नोकरी इकडच्या औषध कारखान्यांच्या गुणवत्ता विभागांत गेली, हे ध्यानात घेतल्याशिवाय पुढचे काही कळणार नाही. इंजेक्शनचे औषध ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून जाते, आणि काम झाल्यावर ती गाळणी शाबूत होती की नाही हेही तपासून लिहावे लागते. ‘लिहिलं नाही, म्हणजे केलं नाही’ हा त्या धंद्याचा मंत्र. असा माणूस निवृत्त झाल्यावर काय करणार? कोणी बागेत रमतं, कोणी मराठी मंडळाच्या नाटकात उतरतं. हे तळघरात उतरले. भिंतीला वही टांगली, वहीला दोरीने पेन बांधलं, आणि त्यात बॅच क्रमांक पडायला लागले.

पूर्वअट. वाइन गाळायला घेण्याआधीच निवळलेली असली पाहिजे.

हे वाक्य वाचून नवखा मनुष्य विचारतो, मग गाळायची कशाला? प्रश्न चोख आहे आणि या संपूर्ण लेखात त्याला समाधानकारक उत्तर मिळणार नाही. पण पूर्वअट खरी आहे. प्लेट फिल्टर हे शेवटची झळाळी देणारे यंत्र आहे. गढूळ वाइन त्यात घालणे म्हणजे चहाच्या गाळणीने पिठलं गाळणे. पॅड क्षणात बुजतात, दाब चढतो, कडांमधून धारा लागतात आणि प्रमुख सहायकाकडे बघतात.

म्हणून आधी वाइन वरच्यावर काढून दुसऱ्या कारबॉयमध्ये, म्हणजे मोठ्या बुधल्यात, घ्यावी, खाली बसलेले यीस्ट मागे ठेवावे, दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तेच करावे. पांढरी वाइन बसत नसेल तर बेंटोनाइटची माती पाण्यात फुगवून घालावी; ती प्रथिने धरून तळाला नेते. पेरू, आंबा, जांभूळ अशा फळांची वाइन असेल तर धूसरपणा बहुधा पेक्टिनचा असतो. त्याला गाळणी कितीही बारीक लावा, हटत नाही. त्यावर उपाय पेक्टिन फोडणारे एन्झाइम, आणि तेही आंबवणी सुरू होण्याआधी घातले तर जास्त गुण देते. आंब्याच्या वाइनवर पॅडचे संचच्या संच बुजवणारी माणसे आहेत. त्यांना कोणीतरी हे वेळेवर सांगायला हवं होतं.

शेजारी एक इटालियन आजोबा आहेत. त्यांच्याकडे पंप नाही, फिल्टर नाही, वही नाही. हिवाळाभर कारबॉय गॅरेजच्या गारठ्यात ठेवतात, दोनदा निवळ काढतात आणि ईस्टर उलटल्यावर बाटल्या भरतात. थंडीने यीस्ट तर बसतेच, शिवाय टार्टरचे खडेही सुटून तळाला जातात. गंमत म्हणजे हे दुसरे काम आपल्या यंत्राला जमतच नाही : टार्टरचे क्षार विरघळलेले असतात, ते पॅडमधून सुखाने पार होतात आणि बाटली फ्रिजमध्ये गेली की स्फटिक होऊन बुडाशी चमकतात. पाहुण्याला वाटतं काच पडली. मग साडूंना त्याला रसायनशास्त्र समजावून सांगायला अर्धा तास लागतो, तेवढ्यात जेवण निवतं.

आजोबांच्या वाइनची तुलना साडूंसमोर करू नये.

पॅड. तीन प्रतींत मिळतात. जाड पॅड साधारण ५ ते ७ मायक्रॉनचा, मधला २ च्या जरा आत, आणि बारीक अर्ध्या मायक्रॉनचा. जाडापासून सुरुवात करून मधल्यावर यावे. घरच्या लाल वाइनला तिथे थांबले तरी चालते. बारीक पॅडवर पुष्कळ ठिकाणी ‘स्टराइल’ असे छापलेले असते. तो शब्द दिसला की साडूंचा आवाज चढतो. ‘हे आकडे नॉमिनल आहेत रे! बहुतेक कण अडतील, सगळे नाही. वायनरीत शेवटी ०.४५ची मेम्ब्रेन लावतात ती कशाला मग?’

त्यांचे म्हणणे बरोबर आहे, आणि ते नुसते पांडित्य नाही. वाइनमध्ये साखर उरलेली असेल, तर पॅडमधून निसटलेले थोडे यीस्टही बाटलीत पुन्हा आंबवायला लागते, आणि बुचे रात्री-अपरात्री उडतात. म्हणून गोड वाइनला फिल्टरवर विसंबू नये. पोटॅशियम सॉर्बेट आणि सल्फाइट दोन्ही घालावे. सॉर्बेट यीस्टला मारत नाही, फक्त वाढू देत नाही. एकटे मात्र कधी घालू नये : लॅक्टिक जिवाणू त्यावर पोसले तर वाइनला जिरेनियमच्या पानांचा वास येतो आणि तो मग जात नाही.

पॅडला एक बाजू खडबडीत, एक गुळगुळीत. गढूळ वाइन खडबडीत बाजूने आत शिरावी. पॅडची भोके प्लेटच्या भोकांवर बरोबर यावीत. याबाबत वहीत चार पाने आहेत, आकृतीसह.

पॅड धुणे. ही पायरी जो गाळतो त्याची वाइन पुठ्ठ्यासारखी लागते, कारण पॅड सेल्युलोजचाच असतो. आधी पॅड पाण्यात भिजवावेत, बसवून प्लेटा आवळाव्यात आणि काही लिटर स्वच्छ पाणी त्यांतून पंपाने काढून ओतून द्यावे. पाण्यात चिमूटभर सायट्रिक आम्ल टाकले तर कागदाची चव लवकर जाते. साडू पेल्यात धुवणाचे पाणी घेऊन चाखतात, ‘अजून आहे’ म्हणतात, पुन्हा चाखतात. एकेकाळी वाइनच्या या पॅडमध्ये चक्क ॲस्बेस्टॉसचे तंतू असत, हे ते इथेच सांगतात. सहायकाने पहिल्यांदा ऐकल्याचा चेहरा करावा.

त्यानंतर पंप वाइनवर घेतला की आधी आतले पाणी येते, मग पाणचट वाइन, मग वाइन. हा मधला भाग कारबॉयमध्ये जाऊ देऊ नये. कुठे थांबावे ते जिभेने ठरवावे; इथे साडूंची वहीसुद्धा गप्प आहे.

पंप. कोरडा चालवू नये. रबरी पात्याचा पंप पाण्याविना फिरला तर पाते काही क्षणांत तापून फाटते. डायफ्रॅमचा पंप अधिक सोशिक.

वाइन उचलत नसेल तर पंपाने हवा धरली आहे. ओढणाऱ्या बाजूचा जोड ढिला असतो, दुसरे काही नसते. तिथून वाइन बाहेर गळत नाही, हवा आत जाते, म्हणून डोळ्यांना काही दिसत नाही; पारदर्शक नळीत बुडबुड्यांची माळ मात्र दिसते. ही माळ हयगयीवर नेऊ नये. गाळताना हवा मिसळली की वाइन लवकर म्हातारी होते, म्हणून आधी सल्फाइटची मात्रा द्यावी (सहा गॅलनला पाव चमचा मेटाबायसल्फाइट म्हणजे सुमारे ५० पीपीएम) आणि बाहेर सोडणारी नळी कारबॉयच्या तळाशी टेकवावी. वरून धार सोडून फेस काढू नये. आंबवणीतला वायू वाइनमध्ये राहिला असेल तर तो आधी ढवळून घालवावा, नाहीतर पंप फेसच पाजत बसतो. दाब वाढला म्हणून पंप जोरात सोडणे हा मूर्खपणा आहे. जोर केला की अडलेली घाण पॅडमधून पलीकडे जाते. थांबावे, पॅड बदलावेत.

गळती. प्लेट फिल्टर गळतो. सगळे गळतात. खाली ट्रे त्याच्यासाठीच दिलेला असतो, आणि तो ताईंच्या पोळ्यांच्या परातीपेक्षा लहान असतो, म्हणून परात खाली न्यावी लागते. परातीची नोंद वहीत नाही.

आता खरे बोलायचे तर हा सगळा खटाटोप दिवाळीच्या फराळाला आलेला एखादा पाहुणा पेला दिव्यासमोर धरून ‘वा, एकदम क्लिअर!’ म्हणेल, त्यासाठी चाललेला असतो. तो ‘वा’ म्हणतो, मग सोडा मागतो आणि त्यात ओततो. साडू काही बोलत नाहीत. पुढच्या वर्षी आणखी बारीक पॅड मागवतात. मला पहिल्यापासून वाटतं की आजोबांसारखं गॅरेजमध्ये ठेवून द्यावं आणि शनिवारची दुपार मोकळी घालवावी. पण मग साडू शनिवारी काय करणार? आणि मला तरी खाली कोण बोलावणार, ‘ये रे, जरा नळी धर’ म्हणून?

समाप्ती व तूट. शेवटी प्लेटांमध्ये आणि पॅडमध्ये वाइन अडकून राहते, परातीत साठते ती वेगळी. ही हवा लागलेली असते, बाटलीत भरण्याच्या लायकीची नसते, आणि ओतून देण्याच्याही नसते. पॅड खतात टाकावेत. प्लेटा लगेच धुवाव्यात. वाळल्यावर डाग खरवडावे लागतात. परातीतली वाइन दोन स्टीलच्या पेल्यांत समसमान घ्यावी, थोरल्या साडूंच्या पेल्यात बोटभर जास्त. वहीत ‘उत्पादनातील तूट’ या रकान्यात ‘बाष्पीभवन’ असे लिहावे आणि दोघांनी सही करावी.