डॉक्टरांनी डॉक्टरकी कशी सोडावी

प्रस्तुत मार्गदर्शिका ओपीडी संपल्यावर खुर्चीत कोसळून “आता बास, दवाखाना बंद” अशी घोषणा करणाऱ्या समस्त डॉक्टरांसाठी आहे. आमच्या घरीही एक डॉक्टर आहेत. दवाखान्याचे हिशेब आणि फोन माझ्याकडे असल्याने या विषयातला अधिकारही माझ्याकडेच येतो.

नियम १. आत्मपरीक्षण उपाशीपोटी करू नये. दुपारी तीनला जी आयुष्याची पोकळी जाणवते, ती बहुधा भूक असते.

नियम २. थोरांचे दाखले अर्धवट देऊ नयेत. आमचे डॉक्टर श्रीराम लागूंपासून सुरुवात करतात. लागू कान-नाक-घशाचे सर्जन, १९६९ साली पूर्णवेळ रंगभूमीवर गेले, इथवर खरं. पण त्याआधी कितीतरी वर्षं ते प्रॅक्टिस सांभाळून नाटकं करत होते. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ. दौंडला दवाखाना असतानाच त्यांनी ‘सामना’ आणि ‘सिंहासन’ केले. मोहन आगाशे नट झाले म्हणून मानसोपचारतज्ज्ञ राहिले नाहीत असं नाही. थोडक्यात, आधी वेड लागावं, मग दवाखाना सुटावा. आमच्याकडे सोडायचं ठरलंय, वेडाचा शोध चालू आहे.

नियम ३. सेंद्रिय शेतीचा विचार आल्यास एक मे महिना शेतावर काढावा.

नियम ४. नेमकं काय सोडायचंय, त्याची लेखी यादी करावी. आमच्याकडे केली. मध्यरात्री “गोळी जेवणाआधी की नंतर?” विचारणारे फोन. व्हॉट्सअॅपवर येणारे जिभांचे फोटो. लग्नाच्या पंगतीत पुढे केलेला एक्स-रे. मेडिक्लेमवाल्यांच्या शंका. १९९५ साली सुप्रीम कोर्टाने डॉक्टरांना ग्राहक कायद्याखाली आणल्यापासून वाढलेली लिखापढी. यादी पान उलटून गेली. पेशंट हा शब्द त्यात कुठेच नव्हता. मी कागद जपून ठेवलाय.

नियम ५. रागाच्या भरात कागदपत्रं फाडू नयेत. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करत राहावं; त्यासाठी लागणारे तीस क्रेडिट पॉइंट कॉन्फरन्सला बसून मिळवावेत, जेवण बरं असतं. इंडेम्निटी पॉलिसी दवाखान्याबरोबर बंद करू नये. जुन्या पेशंटचा दावा नंतरही येऊ शकतो, आणि तो येईल तेव्हा बहुतेक पॉलिसी चालू असाव्या लागतात. भरती झालेल्यांचे केसपेपर निदान तीन वर्षं सांभाळावेत. हा नियम विनोदी नाही.

नियम ६. “साडेपाच वर्षं एमबीबीएस, तीन वर्षं एमडी, सगळं पाण्यात” असं म्हणू नये. बायकोला न सांगितलेलं अनोळखी माणूस दोन मिनिटांत ज्याच्याजवळ बोलतो, त्याला कुठलाही धंदा जमेल. घरात बोलणं मात्र शिकावं लागेल.

नियम ७. आधी गुरुवार संध्याकाळ बंद ठेवून पाहावी. दारावर तशी पाटी लावावी. पाटीखाली “तातडीसाठी” म्हणून मोबाइल नंबर लिहू नये. आमच्या डॉक्टरांनी लिहिला, तोही माझा.

नियम ८. डॉक्टरांच्या बायकोलाही व्यवसाय बदलावासा वाटू शकतो. तिच्यासाठी मार्गदर्शिका अद्याप निघालेली नाही. कुणाकडे असल्यास जरूर कळवावं. फक्त गुरुवारी संध्याकाळी फोन करू नये, लाइन लागत नाही.