भोंगा आणि खराटा

शहरातल्या कलादालनांत म्हणे हल्ली प्रेक्षकालाच कलाकृतीत ओढतात. आरशापुढं उभं राहायचं, बोटानं पडदा सरकवायचा आणि आपण मोबाइलमध्ये किती बुडालोय यावर चिंतन करायचं. चिंतनाचा फोटो लगेच टाकायचा, हे ओघानं आलंच.

आम्हा भातकुलीकरांना यात नवल ते काय? आमच्याच जिल्ह्यातले गाडगेबाबा दिवसा खराट्यानं गाव झाडत आणि रात्री कीर्तनात प्रश्नांनी डोकी. कर्ज काढून सण करावा का, दारू प्यावी का, हे विचारायचे ते. उत्तर गर्दीकडूनच वदवून घ्यायचे. 20 डिसेंबर 1956ला वलगावजवळ, पेढीच्या काठी ते गेले. आता दर 20 डिसेंबरला आमच्या स्टेटसवर खराटा असतो. अंगणातला कुठं आहे, ते फक्त बायको सांगू शकते.

तिकडं सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं 2022 पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास मोबाइल-टीव्ही बंद ठेवायचं ठरवलं. बातमी आमच्या पारावर पोचली ती रात्री साडेसातला, मोबाइलवरच.

"लय भारी हाय राजेहो," कुणीतरी मान न उचलता म्हणालं.

"मले बी पाठव ना बे!"

एकानं तर भोंग्याची रिंगटोन लावलीय.