‘येणारा’ उमेदवार ओळखा : नवशिक्यांसाठी

आपल्याकडे तिकीट देताना ‘इलेक्टिव्ह मेरिट’ पाहायचं काम पक्षश्रेष्ठी उरकून टाकतात. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार मतदारच मत देऊन ठरवतात, त्याला प्रायमरी म्हणतात; त्यामुळे ही कटकट बिचाऱ्या मतदाराच्या गळ्यात पडते. घाबरू नका. सवयीनं जमतं.

१. स्वतःची आवड आधी खुंटीला टांगा. तुम्हाला कोण आवडतं, हे कुणी विचारलेलंच नाही. ओहायोतल्या, जन्मात न भेटलेल्या माणसाला कोण आवडेल, ते सांगा. तोही तिकडे तुमच्या आवडीचा अंदाज बांधत बसलाय. त्याला बसू द्या.

२. एक वाक्य घोटून पाठ करा : “बाईला मत द्यायला माझी काहीच हरकत नाही हो, पण लोक देतील का?” सगळ्यांनी हेच म्हणायचं असतं. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना ट्रम्प यांच्यापेक्षा २८ लाखांहून जास्त मतं पडली होती, असं कुणी मध्येच म्हणालं, तर चहा मागवा.

३. उमेदवाराला खाताना बघा. २००३ च्या ऑगस्टमध्ये डेमोक्रॅटिक उमेदवारीचे इच्छुक जॉन केरी फिलाडेल्फियात चीजस्टेक खायला गेले. पावात गरमागरम मांसाचे काप, वर पिवळंधमक पातळ चीज ओतलेलं, अशी ती तिथली रीत. केरींनी स्विस चीज मागितलं! कोल्हापुरात मिसळीवर मेयोनीज मागण्यातलाच प्रकार. हा कसला सामान्यांचा माणूस, म्हणून पंडितांनी कपाळावर हात मारला. (पुढच्या वर्षी फिलाडेल्फियाचं राज्य, पेनसिल्व्हेनिया, केरींनीच जिंकलं. नवशिक्यांनी कंस वाचू नयेत.)

४. मन एकाला द्या, मत दुसऱ्याला. २००४ मध्ये डेमोक्रॅट मतदार दुसरे इच्छुक हॉवर्ड डीन यांच्यावर भाळले आणि शहाण्यासारखे केरींच्या गळ्यात माळ घालून मोकळे झाले. व्हिएतनामची पदकं, भारदस्त चेहरा, स्थळात खोट नाही. बुश जिंकले.

५. ‘हा काही येत नाही’ अशांची यादी जवळ ठेवा. १९८० चे रेगन : वय ६९, त्यात सिनेनट. २००८ चे ओबामा : नावातच हुसेन. २०१६ चे ट्रम्प : काय बोलायचं! पुढे यांना राष्ट्राध्यक्ष म्हणायची पद्धत आहे.

६. निवडून यायची ही क्षमता तापासारखी चढते-उतरते, म्हणून रोज मोजा. २०२० मध्ये बायडन आयोवात चौथे, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे आले आणि जाणकारांनी त्यांना निकालात काढलं. २९ फेब्रुवारीला साउथ कॅरोलायना जिंकताच तीच मंडळी म्हणाली, येणार तर हेच. माणूस तोच, वय तेच. जिंकल्यामुळे जिंकण्याची क्षमता आली, इतकंच.

७. अंदाज फसला, तर नोव्हेंबरात म्हणा, “मला तर पहिल्यापासून दुसराच आवडत होता.” एवढं एक मात्र तुम्ही खरं बोललेले असाल.