जरा आवळून टाक

शिकाऊ विमानाच्या पोटावर तेलाचा ओघळ दिसला की हँगरमध्ये कुणीतरी हमखास म्हणतं, "होजचा नट जरा आवळून टाक." या सल्ल्याचा मला मनापासून राग आहे. ओघळ पोटावर दिसला म्हणून गळती तिथेच असते असं नाही. काउलिंगच्या आत हवेचा झोत असतो. पुढच्या जोडातून निसटलेला थेंब तो पार फायरवॉलपर्यंत नेऊन पसरवतो. आधी इंजिन धुवा, कोरडं करा, काही मिनिटं चालवा, मग बॅटरी घेऊन प्रत्येक जोड बघा. यात अर्धा दिवस जातो, आणि तो अर्धा दिवस द्यायची कुणाची तयारी नसते.

या होजच्या टोकाला 37 अंशांचा शंकू असतो. धातूवर धातू बसतो आणि तेल अडतं ते तिथे. आट्यांचं काम फक्त दाब देण्याचं. तरीही आट्यांवर प्लंबरची पांढरी टेप गुंडाळलेली मी पाहिली आहे. तिने गळती थांबत नाही, वर तिचा एखादा तुकडा तेलाच्या वाटेत अडकू शकतो. मोटारीच्या दुकानातलं 45 अंशांचं फिटिंगही दिसायला तसंच असतं, पण शंकूवर नीट बसत नाही.

नट गरजेपेक्षा जास्त आवळला की ॲल्युमिनियमच्या शंकूवर खाच पडते आणि गळती वाढते. ती पाहून पुढचा माणूस आणखी आवळतो. ॲल्युमिनियमला किती टॉर्क आणि पोलादाला किती, हे पुस्तकात दिलेलं असतं आणि दोन्ही आकडे वेगळे असतात. टॉर्क पाना भिंतीवर टांगलेला असतो. तिथपर्यंत चार पावलं चालायचे कष्ट का होतात, हे मला कळत नाही.

सगळ्यात जास्त खटकतं ते एकाच पान्याने काम उरकणं. दुसऱ्या पान्याने फिटिंग धरलं नाही तर नटाबरोबर होजही पिळली जाते. होजवर लांबीच्या दिशेने एक रेघ छापलेली असते, ती गोल फिरलेली दिसली की समजावं, पीळ पडला आहे. तेलाचा दाब आला की होज तो पीळ सोडवायला बघते आणि नट सैल होतो. ती रेघ याचसाठी छापलेली आहे. बघायला पैसे पडत नाहीत.

काटकोनी फिटिंगची तऱ्हा वेगळी. निमुळत्या आट्यांचा एल्बो आवळला आणि तोंड भलतीकडे वळलं, की लोक तो थोडा मागे फिरवून दिशा जुळवतात. तिथेच गळती सुरू होते. तो काढून, आटे साफ करून, सीलंट लावून पुन्हा बसवायला हवा. दिशा जुळवायची ती पुढे आवळतच.

रोटॅक्स 912 इंजिनात तर पंप टाकीतलं तेल ओढून घेतो. ओढीच्या बाजूचा जोड सैल असला तर इंजिन चालू असताना तिथून हवा आत शिरते. बाहेर डाग दिसेलच असं नाही, आणि "जरा आवळून टाक" म्हणणाऱ्याला तो जोड तपासायचं सुचतही नाही.